तेंदूचा हिशेब नव्या लॅपटॉपवर

गडचिरोलीतला सूरजागडचा डोंगर म्हटलं की बाहेरच्यांना लोहखनिज आठवतं, २००७ साली दिलेला खाणपट्टा आणि धूळ उडवत जाणारे ट्रक आठवतात. त्याच डोंगराभोवतीच्या गावांना उन्हाळ्यातल्या रोख पैशासाठी तेंदूच्या पानाकडे बघावं लागतं, आणि त्या पानाचा हिशेब वाटतो तितका सोपा नसतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, मजुरीचा भाव मात्र शंभर पुड्यांवर. घरातले तिघं पानं तोडतात, पुडे एकाच्या नावावर लागतात, पैसे दुसऱ्याच्याच खात्यात जातात. मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे नियम महाराष्ट्रानं २०१४ साली केले. त्या सुमारापासून गडचिरोली जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव आणि त्याचा हिशेब आपल्या हाती घेतला. फळीवरच्या, म्हणजे पुडे गोळा करायच्या जागेवरच्या, वहीतली नावं संध्याकाळी एक्सेलच्या रकान्यांत जाऊ लागली.

हा हिशेब ज्या संगणकावर होतो तो बहुधा कोणीतरी वापरून सोडलेला असतो. विंडोज एक्सपी, त्यावर एक्सेल २००३, आणि मराठी टंकलेखन कृतिदेवमध्ये नाहीतर श्रीलिपीत. एमएस-सीआयटी केलेला गावातला एखादा मुलगा त्याच्यावर अनेक हंगाम काढतो. मग कधीतरी नवा लॅपटॉप येतो, पेनड्राइव्हवरून फायली त्यात जातात, आणि नावांच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. कोणीतरी जाणकार सांगून टाकतो, 'फाइल करप्ट झाली, पुन्हा टाइप करा.' अशा वेळी लगेच टाइप करायला बसू नये. खरोखर बिघडलेल्या फायली फार थोड्या असतात. आकडे जागेवर असतात, नावंही जागेवर असतात. ती वाचायची जी साधनं जुन्या यंत्रात होती, त्यातलं एखादं नव्यात नसतं. कोणतं, ते शोधायचं.

शोधाची सुरुवात जुन्या यंत्रावरच करावी लागते. नवा आला म्हणून जुना भंगारात देण्याची घाई नडते. तो अजून सुरू होत असेल तर आधी सगळ्या फायलींची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ती बाजूला ठेवावी. पुढचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. मग प्रत्येक महत्त्वाच्या फायलीचं शेवटचं, बेरजेचं पान कागदावर छापून घ्यावं. या कागदाचा उपयोग अगदी शेवटी होणार आहे. विंडोजच्या फोल्डरमधलं 'फॉन्ट्स' हे फोल्डर उघडून त्यातले मराठी फॉन्ट सोबत घ्यावेत (विकत घेतलेल्या पॅकेजातले असतील तर परवाना आपलाच आहे ना, हेही बघावं). आणि फायली कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरात होत्या तो पत्ता वहीत लिहून ठेवावा.

आता बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ठरवता येतं. फाइल उघडतच नाही, ही एक जात. उघडते पण वाचता येत नाही, ही दुसरी. उघडते, नीट वाचता येते, पण आकडा किंवा तारीख चुकीची असते, ही तिसरी. पहिल्या दोन्हींत माणूस घाबरतो, पण नुकसान सहसा होत नाही. खरं नुकसान तिसरीत होतं, कारण तिथे कोणी शंकाच घेत नाही.

पुष्कळांच्या मनात पहिला उपाय येतो तो जुनं एक्सेलच नव्या लॅपटॉपवर टाकण्याचा. माझं मत याच्या विरुद्ध आहे. एक्सपी आणि ऑफिस २००३ या दोघांचा सांभाळ कंपनीनं एकाच दिवशी, ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. त्यानंतर त्यात सापडलेली बहुतेक भोकं बुजवलेली नाहीत. शिवाय नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागा नसते, डब्यावरचा उत्पादन क्रमांक पुसट झालेला असतो, आणि एकाच यंत्रावर नवं-जुनं एक्सेल शेजारी ठेवलं तर फाइल कोणी उघडायची यावरून दोघांची ओढाताण सुरू होते. जुन्या फायली वाचायला जुनं एक्सेल लागतच नाही. नवं एक्सेल विकत घ्यायचं नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे, त्याचे मेनू मराठीतही करता येतात. एटापल्ली-आलापल्लीकडे नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून त्याचं पूर्ण इन्स्टॉलर चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत उतरवून पेनड्राइव्हवर आणणं सोयीचं. एकदा बसलं की त्याला इंटरनेट लागत नाही.

एक अपवाद आहे, तो एक्सेलच्याही आधीच्या जमान्याचा. लोटस १-२-३ हे १९८३ साली बाजारात आलेलं डॉसवरचं पॅकेज आपल्याकडच्या कचेऱ्यांत बरीच वर्षं चाललं. त्या जातीचे सोळा-बिटी प्रोग्रॅम चौसष्ट-बिटी विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ चौसष्ट-बिटीतच येतं. तिथे 'कम्पॅटिबिलिटी मोड'ची खूण कितीही वेळा केली तरी उपयोग नाही. डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम आत एक लहानसं डॉस उभं करतो, त्यातच लोटस चालवावं लागतं. नुसती फाइल वाचायची असेल तर तेवढंही नको. एक्सेलनं २००७ पासून लोटसच्या फायली उघडणं सोडलं, पण लिबरऑफिस त्यातल्या बहुतेक उघडतं. त्या काळी डॉसवर मराठी दिसायचं ते पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे. संगणक उघडून आत बसवायचं ते एक कार्ड होतं, आणि अक्षरं साठायची ती इस्की नावाच्या भारतीय सांकेतिक पद्धतीत. अशी फाइल हाती आली तर कृतिदेवसाठी पुढे सांगतो ते उपाय तिला चालत नाहीत. तिला इस्कीचाच परिवर्तक लागतो.

आपल्या एक्सेल २००३ च्या फायलीकडे वळू. तिच्या नावापुढे डॉट एक्सएलएस असतं. विंडोज हे शेपूट लपवून ठेवतं, ते आधी दिसेल असं करून घ्यावं, कारण निम्मा गोंधळ तिथूनच होतो. २००७ पासूनचं शेपूट एक्सएलएसएक्स. फरक नुसत्या नावाचा नाही. जुनी फाइल एका बंद द्विअंकी साच्यात असते. नवी फाइल खरं तर झिप असते, तिचं शेपूट बदलून झिप केलं तर आतले कागद वेगवेगळे दिसतात. म्हणूनच नुसतं नाव बदलून जुनी फाइल नवी होत नाही. तसं केलं तर एक्सेल ती उघडायलाच नकार देतं. उघडून 'सेव्ह अ‍ॅज'मधून रूप बदलावं लागतं. ते केलं नाही तर वर 'कम्पॅटिबिलिटी मोड' असं दिसत राहतं आणि पानाची मर्यादा जुनीच राहते: ६५,५३६ ओळी आणि २५६ रकाने. नव्या साच्यात ओळी १०,४८,५७६ आणि रकाने १६,३८४. एका ग्रामसभेला पासष्ट हजार ओळी पुरून उरतात, पण अनेक गावांचे अनेक हंगाम एका पानावर चिकटवायला गेलात तर ही भिंत आडवी येते.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा ईमेलनं आली असेल तर विंडोज तिच्यावर 'बाहेरून आलेली' असा छुपा शिक्का मारतं. मग ती 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये उघडते, त्यात काही लिहिता येत नाही. २०२२ पासून अशा फायलीतले मॅक्रोही, म्हणजे फायलीत बसवलेले छोटे प्रोग्रॅमही, आपोआप अडवले जातात. पाठवणारा ओळखीचा असेल तर फायलीवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', आणि खालच्या 'अनब्लॉक'ला खूण, एवढंच करायचं. फारच जुने नमुने एक्सेल मुळातच रोखून धरतं. ती यादी 'ट्रस्ट सेंटर'मध्ये 'फाइल ब्लॉक सेटिंग्ज' या नावाखाली सापडते. सरकारी पोर्टलवरून उतरवलेल्या काही फायलींचं शेपूट एक्सएलएस असलं तरी आत साधं वेबपान असतं. 'शेपूट आणि फाइल जुळत नाही' असा इशारा एक्सेल देतं तेव्हा त्याला 'होय' म्हणून पुढे जावं आणि लगेच नीट रूपात जतन करावी. इतकं करूनही फाइल उघडली नाही तर 'ओपन अँड रिपेअर' हा पर्याय आहे, आणि त्यानंही नाही जमलं तर लिबरऑफिस. एक्सेलनं हात टेकलेल्या जुन्या फायली लिबरऑफिसनं उघडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

आता खिचड्याकडे येतो. मराठी माणसाच्या जुन्या फायलीत सर्वाधिक वेळ इथेच जातो.

कृतिदेवमध्ये टाइप केलेलं 'सूरजागड' संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. आत साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरं: एल, डब्ल्यू, जे, टी, के, एक्स आणि मोठा एम. कृतिदेव हा फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. एलच्या जागी 'स'चं चित्र, डब्ल्यूच्या जागी दीर्घ उकाराचं, मोठ्या एमच्या जागी 'ड'चं. नव्या लॅपटॉपवर हा फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. म्हणजे तिथे काही बिघडलेलंच नसतं.

कोणता फॉन्ट हवा हे फाइलच सांगते. वाचता न येणाऱ्या चौकटीवर टिचकी मारा आणि वर फॉन्टच्या नावाच्या पेटीत बघा. फॉन्ट यंत्रात नसला तरी त्याचं नाव तिथे लिहिलेलं राहतं. कृतिदेव, श्रीलिपी, सी-डॅकचा योगेश किंवा सुरेख, जे नाव असेल तो फॉन्ट जुन्या यंत्रातून आणलेल्या फोल्डरातून उचलायचा, त्यावर उजवी टिचकी मारून 'इन्स्टॉल' म्हणायचं, एक्सेल बंद करून पुन्हा उघडायचं. नावं परत दिसू लागतात. नुसतं वाचायचं-छापायचं असेल तर काम इथेच संपलं. मंगल फॉन्टची गोष्ट वेगळी. तो युनिकोडचा आहे, म्हणजे त्यात अक्षर आतही मराठी म्हणूनच साठतं, पण विंडोज १० पासून तो आपोआप बसत नाही; 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक सुविधेतून घ्यावा लागतो. तो नसेल तर मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नीट वाचता येतो, फक्त रकाने लहान पडतात आणि छापील पान मोडतं.

पण पुढचे हंगामही याच फायलीत लिहायचे असतील, नवी मुलं मोबाइलसारखा युनिकोड कीबोर्ड वापरणार असतील, तर मुखवटा लावून भागत नाही. एकाच रकान्यात वर कृतिदेवमधले मडावी आणि खाली युनिकोडमधले मडावी आले की डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, एक्सेलला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात. बेरीज दोन ठिकाणी फुटते. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा लागतो.

त्यासाठीचे परिवर्तक पुष्कळ आहेत. त्यांतले बरेचसे म्हणजे एकच वेबपान असतं. ते एकदा जतन करून ठेवलं की इंटरनेटशिवाय चालतं, आणि तसंच चालवावं. आधार क्रमांक आणि बँक खाती असलेली मजुरांची यादी अनोळखी संकेतस्थळावर चिकटवणं बरं नाही. एका वेळी एकच रकाना न्यावा, तोही नावांचा. आकड्यांचे रकाने आणि सूत्रं परिवर्तकाजवळ नेऊच नयेत. परिवर्तक फॉन्टनुसार वेगळा असतो: योगेशमधला मजकूर कृतिदेवच्या परिवर्तकात घातला तर एक खिचडा जाऊन दुसरा हाती येतो. आलेलं उत्तर जुन्या रकान्यावर न चिकटवता शेजारच्या नव्या रकान्यात ठेवावं आणि ओळी तितक्याच आल्या ना ते बघावं. मध्ये एक रिकामी ओळ गळाली तरी खालच्या प्रत्येकाची मजुरी शेजाऱ्याच्या नावावर जाते.

परिवर्तक चुकतो त्या जागा ठरलेल्या आहेत. 'गडचिरोली'तली ऱ्हस्व वेलांटी कृतिदेवमध्ये 'च'च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं उलट असतं. चांगला परिवर्तक ही उलटापालट करतो, पण वेलांटीच्या पुढे जोडाक्षर आलं की कधी कधी गडबडतो. 'शेतकऱ्याचे नाव' या मथळ्यातला 'ऱ्या' तर मराठीची स्वतःची अडचण आहे. हिंदीसाठी केलेले परिवर्तक त्याचा 'र्या' करतात. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन रीती आहेत आणि पडद्यावर दोन्ही एकसारख्याच दिसतात. सगळीकडे एकच रीत ठेवली नाही तर शोधताना निम्मे 'शेतकऱ्या' सापडत नाहीत.

कृतिदेव आणि एक्सेल यांचं कधी पटलंच नव्हतं, हेही इथे सांगायला हवं, कारण जुन्या फायलीत त्या भांडणाच्या खुणा सापडतात. कृतिदेवमधला 'श' सुरू होतो तो इंग्रजी एकेरी अवतरणचिन्हानं. एक्सेलमध्ये चौकटीच्या सुरुवातीला ते चिन्ह दिलं की त्याचा अर्थ 'पुढचं सगळं मजकूर समज' असा होतो, आणि एक्सेल ते चिन्ह गिळून टाकतं. म्हणून घाईत टाइप केलेल्या 'शेरा' या मथळ्याचा नुसता 'ोरा' उरतो. सरावलेले लोक ते चिन्ह दोनदा मारत. 'ध'ची सुरुवात तिरप्या रेघेनं होते, आणि एक्सेलमध्ये तिरपी रेघ दाबली की मेनू जागा होतो. ही सवय लोटसची. त्यात मेनू तिरप्या रेघेनंच उघडायचा आणि त्या गिऱ्हाइकांसाठी एक्सेलनं ती जपली. अमेरिकेतल्या त्या सोयीपायी आपल्याकडे 'धान' टाइप करताना आधी एफ-दोन दाबावं लागे. 'त्र' म्हणजे बरोबरचं चिन्ह, त्यानं चौकट सुरू झाली की एक्सेल सूत्र समजून चूक दाखवायचं. तेव्हा जुन्या फायलीत एखाद्या नावाचं पहिलं अक्षर गायब दिसलं तर परिवर्तकाला बोल लावण्याआधी जुन्या छापील पानावर बघावं. ते टाइप करतानाच गळालेलं असू शकतं.

सूत्रांत दडलेला मजकूरही विसरू नये. हजेरीच्या पानावर 'हजर' असेल तर मजुरी मोज, अशा सूत्रात 'हजर' हा शब्द जी-टी-जे असा पडलेला असतो. रकान्यातले 'हजर' युनिकोड झाले तरी सूत्र अजून जी-टी-जेच शोधत राहतं, आणि सगळ्यांची मजुरी शून्य होते. सूत्रपट्टीत ही अक्षरं कायम इंग्रजीच दिसत आलेली असतात, कारण तिथे मुखवटा चढत नाही. 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये 'लुक इन : फॉर्म्युलाज' ठेवून ती एकेक बदलावी लागतात.

तिसऱ्या जातीच्या बिघाडात तारखा सर्वांत पुढे. एक्सेलच्या दृष्टीनं तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा. वनहक्क कायद्यातली १३ डिसेंबर २००५ ही तारीख एक्सेलच्या आत ३८६९९ असते. रकान्यात असे पाच अंकी आकडे दिसले तर घाबरायचं कारण नाही, रकान्याला 'डेट' हा नमुना दिला की तारखा परत येतात. (१९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी लोटसनं ते तसं धरलं आणि एक्सेलनं लोटसशी जुळवून घेण्यासाठी ती चूक मुद्दाम ठेवली. आपल्या कामात तिचा अडथळा होत नाही.)

अडथळा होतो तो प्रदेशाच्या सेटिंगचा. नवा लॅपटॉप बरेचदा 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' अशा खुणेसह येतो. जुन्या तारखा आकड्यांच्या रूपात असल्यानं शाबूत राहतात, फक्त महिना आधी दिसू लागतो. नवी नोंद मात्र बिघडते. ५ जून म्हणून ५/६ लिहिलं की एक्सेल ते ६ मे समजतं. १३ तारखेपासून पुढे तर तेरावा महिना नसल्यानं एक्सेल ती नोंद नुसता मजकूर म्हणून ठेवतं. ओळखायची खूण सोपी आहे: रकान्यातल्या काही तारखा उजवीकडे टेकलेल्या आणि काही डावीकडे. विंडोजच्या 'रिजन'मध्ये जाऊन 'इंग्लिश, इंडिया' करणं हे नव्या यंत्रावरचं अगदी पहिलं काम असायला हवं, एकही नोंद करण्याच्या आधी.

दोन अंकी वर्षांचा घोळ याहून खोल आहे. कोणी जन्मतारखेत वर्ष '४५' असं लिहिलं तर ते १९४५ की २०४५, हे विंडोजच्या त्याच 'रिजन'मधल्या एका मर्यादेवरून ठरतं. जुन्या यंत्रांवर ती १९३० ते २०२९ अशी असे. आपल्या नव्या यंत्रावर काय आहे ते तिथे जाऊन बघावं. वनहक्काच्या दाव्यांच्या यादीत हे फार महाग पडतं. आदिवासी दावेदाराचा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा बघितला जातो, आणि इतर पारंपरिक वननिवासींना त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. म्हातारी माणसं हीच तिथे साक्ष असतात, आणि नेमकी त्यांचीच जन्मवर्षं अशी उडी मारू शकतात. वर्ष चार अंकी लिहायचं, बस.

बाकीच्या गोष्टी झटपट. जुन्या डेस्कटॉपवर डी ड्राइव्ह होता, नव्या लॅपटॉपवर बहुधा एकटा सी असतो. एका फायलीतली बेरीज दुसऱ्या फायलीतून येत असेल तर उघडताना 'लिंक अपडेट करू का' असं विचारलं जातं. तिथे घाईनं 'होय' म्हणू नये. 'नको' म्हटलं तर शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो. मग 'डेटा' मेनूतून त्या लिंकचा पत्ता नव्या फोल्डराकडे वळवावा. वहीत लिहून ठेवलेला जुना पत्ता इथे कामी येतो. मजुरीच्या पावत्या छापणारा मॅक्रो असेल तर फाइल एक्सएलएसएम या रूपात जतन करावी, साध्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहत नाही. बँकेला यादी सीएसव्हीमध्ये पाठवावी लागते तेव्हा ती पाठवण्यापूर्वी एक्सेलमध्ये पुन्हा उघडून जतन करू नये: खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात, आणि पंधरा अंकांच्या पुढचे अंक शून्य होतात. मूळ फाइलमध्ये खाते क्रमांकाचा रकाना आधीपासून 'टेक्स्ट' करून ठेवावा.

एवढं झालं की सुरुवातीला छापलेला कागद काढायचा. आधी ओळी मोजायच्या, मग फळीवार बेरजा, मग माणसागणिक मजुरी. सगळं जुळलं तर उत्तम. पण युनिकोड करून झाल्यावर एखाद्या नावाची बेरीज जुळत नाही, असं होतं, आणि तिथे दोष नव्या फाइलचाच असेल असं धरून चालू नये.

कारण कृतिदेवमध्ये 'घ' सुरू होतो तो प्रश्नचिन्हानं, आणि अट घालून बेरीज करणाऱ्या समइफसारख्या सूत्रांत प्रश्नचिन्हाचा अर्थ 'इथे कोणतंही एक अक्षर चालेल' असा असतो. 'घोटे' या नावाची बेरीज मागितली की एक्सेल 'धोटे'ही त्यात धरतं, कारण त्या दोन नावांत फरक असतो तो त्या पहिल्या एका चिन्हाचाच. ही सूत्रं इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षरही सारखंच मानतात. कृतिदेवमध्ये लहान व्ही म्हणजे 'अ' आणि मोठा व्ही म्हणजे 'ट', त्यामुळे 'टोला' आणि 'ओला' हे एक्सेलच्या लेखी एकच शब्द. म्हणजे अनेक वर्षं एखाद्या घोट्यांच्या नावावर धोट्यांचे पुडेही मोजले गेलेले असू शकतात, आणि युनिकोड केल्यावर ते प्रथमच वेगळे झालेले असू शकतात.

असा फरक सापडला तर आकडा गुपचूप दुरुस्त करू नये. फळीवरची मूळ वही काढावी, त्या नावांचे त्या हंगामांचे पुडे हातानं मोजावेत, आणि जुना कागद, नवा कागद आणि वही तिन्ही ग्रामसभेपुढे ठेवावीत. पैसे वाटले गेलेले असतात, तेव्हा दुरुस्ती कशी करायची हे हिशेब लिहिणाऱ्यानं एकट्यानं ठरवायचं नाही. पुढच्या हंगामासाठी मात्र एक बदल त्याच्या हातात आहे. आत्राम, मडावी, उसेंडी या आडनावांची माणसं गावोगावी इतकी आहेत की नावावरून जुळवणी करणं कृतिदेव नसतानाही धोक्याचंच होतं. प्रत्येक तोडणाऱ्याला एक क्रमांक द्यावा, तो वहीतही लिहावा आणि एक्सेलच्या पहिल्या रकान्यातही, आणि सगळी सूत्रं त्या क्रमांकावरून चालवावीत. नावाचा रकाना माणसांना वाचण्यापुरता ठेवला की तो कोणत्या फॉन्टमध्ये आहे यावर कोणाची मजुरी अवलंबून राहत नाही.